आगीची पहिली वर्दी तुम्ही कशी ऐकलीत? खान्देशकरांनो, लिहा

तापीकाठची
काल भाच्याच्या शाळेत अग्निशमन सप्ताहाचं प्रात्यक्षिक झालं. घरी आल्यापासून तो हॉलभर टूंऽ टूंऽ करत फिरतोय आणि मला विचारतोय, "मावशी, तुझ्या लहानपणी आगीचा भोंगा कसा वाजायचा?" त्याला सांगायला बसले आणि जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, सगळंच वर आलं, म्हणून हा धागा.

आमचं घर जळगावात, एका जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या लागायच्या त्या पार होळीपर्यंत. शिफ्टचा भोंगा रोजचाच होता, एक लांब सूर, त्यावर आई कुकर चढवायची. आगीचा वेगळा. तुटक तुटक, आणि थांबायचंच नाव नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दुसरीत असेन. पाढे लिहीत होते. बाबा जेवत होते, ते हात न धुता उठले. बाबा पोस्टात होते, जिनिंगशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण गल्लीतले सगळेच बाप्ये निघाले होते, कोणाच्या हातात घमेलं, कोणाच्या हातात पोतं.

कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आतून धुमसत राहते. कापसातून दगडाचा नाहीतर लोखंडाचा तुकडा रोलरपर्यंत गेला की ठिणगी पडते, हे बाबांनी नंतर सांगितलं. नुसतं पाणी मारून भागत नाही, ढीग फोडायचा, पसरायचा, भिजवायचा, परत फोडायचा. रात्रभर तेच चाललं. सकाळी बाबा आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापूस चिकटलेला होता. आईने ओल्या फडक्याने पुसला तर खाली भुवया अर्ध्याच राहिलेल्या.

तुम्ही काय ऐकलंत? भोंगा, बंबाची घंटा, थाळी, नुसती हाक, काहीही चालेल.

रेल्वेक्वार्टर
भुसावळ हजर! आमच्याकडे तर भोंगा मोजायची पद्धत. रेल्वे इंजिनांच्या शेडचा भोंगा सुरू झाला की आई बोलणं थांबवून बोटांवर मोजायची. किती लांब, किती आखूड, त्यावर ठरायचं, गडबड यार्डात आहे का बाहेर, डॉक्टरांना नेणारा रेल्वेचा डबा जाणार का नाही. वडील ब्रेकडाऊनला, म्हणजे रेल्वेच्या अपघातावर धावणाऱ्या पथकात होते. आईचं मोजून होईपर्यंत त्यांच्या पायात बूट असायचे. आम्ही पोरांनी त्या वेळी तोंडातून ब्र काढायचा नाही, आकडा चुकला तर वडील चुकीच्या तयारीने जातील असं आम्हाला वाटायचं.

स्टेशनावरच्या त्या लाल बादल्या आठवतात का कोणाला? वाळूच्या. बुड गोल असायचं, खाली ठेवली की लवंडायची. दुसऱ्या कामाला कोणी नेऊ नये म्हणून तसं बुड.

भरीत_भाकर
हात न धुता उठले. आमचे आजोबा पण असेच. वाचून कसंतरी झालं गं ताई.

कपाशीचं_बोंड
आमच्या खेड्यात कुठला आलाय भोंगा. एरंडोलकडचं गाव, धाब्याची म्हणजे मातीच्या सपाट छपरांची घरं. भाव चढेपर्यंत कापूस घरातच, तो पण झोपायच्या खोलीत, पार आढ्यापर्यंत. आम्ही पोरं त्याच्यावरच झोपायचो. त्या खोलीत रॉकेलची चिमणी न्यायची नाही, बिडी ओढणारा पाहुणा आला तर त्याची खाट अंगणात, हे नियम जेवणाखाणाच्या नियमांपेक्षा कडक होते.

एका रात्री थाळी वाजली. लग्नात वाजते तशी ठेक्यात नाही, एकसारखी, जोरात, उलथन्यानं. आणि काकूचा आवाज, "आग लागनी रे, पया, पया!" मला आधी वाटलं आमच्याच घरात. चुलतभावाला ओढून खाली उतरले. आग तीन घरं सोडून लागली होती. लोडशेडिंगचे दिवस, लाइट नाही, म्हणजे विहिरीवरची मोटर बंद. रहाटाने पाणी काढलं. बायका ओळीनं धाब्यावर उभ्या राहिल्या आणि खालून वर हंडे गेले. धाब्याला धाबं लागून होतं म्हणून गल्ली ओलांडायची गरज पडली नाही. आणि तीच भीती पण होती, धाब्याला धाबं लागून होतं म्हणून.

त्या घरातला वर्षभराचा कापूस गेला. माणसं वाचली. ती माणसं नंतर आमच्याकडे राहायला होती, त्यांची मुलगी माझी अजूनची मैत्रीण आहे.

तापीकाठची
@कपाशीचं_बोंड, कापसावर झोपायचं सुख मला पण माहितीय. अंगाला खाज सुटायची पण थंडीत दुसरं काही नको वाटायचं.

कपाशीचं_बोंड
खाज तर सुटायचीच 😄 आणि केसात सरकी अडकायची.

वरणगावचे_आप्पा
मी सर्वांत मोठा दिसतो इथे. डिसेंबर 1971. वडील वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात. लढाई सुरू झाली आणि ब्लॅकआऊट लागला. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, चुलीसमोर पोतं बांधलेलं. कारखान्याची वसाहत म्हटल्यावर आमच्याकडे जास्तच काळजी.

मला आगीचा सायरन आधीपासून माहीत होता, कारखान्यात सराव व्हायचे. त्यामुळे पहिल्या रात्री सायरन झाला तेव्हा मी पाण्याची बादली घेऊन दारात उभा. आईने बादली काढून घेतली आणि मला पलंगाखाली ढकललं. मग शिकवलं, चढउतार करणारा सूर म्हणजे धोका, सलग सरळ सूर म्हणजे संपलं, बाहेर या. आवाज तोच, फक्त चालवण्यात फरक.

पुढे तो हाताने फिरवायचा सायरन जवळून बघायला मिळाला. आत खाचा असलेला ढोल फिरतो, खाचांमधून हवा तुटून तुटून बाहेर पडते. जोरात फिरवला की आवाज चढतो, हात सैल सोडला की उतरतो. दांडा लाकडाचा, हाताच्या घामाने काळा पडलेला. फिरवणारे काका म्हणाले, "दोन मिनिटं फिरवून बघ, खांदा भरून येतो." मला चार फेऱ्यांच्या पुढे जमला नाही, मी लहान होतो.

रेल्वेक्वार्टर
आप्पा, गेल्या वर्षी 7 मे 2025 ला देशभर मॉक ड्रिल झाली, त्या यादीत भुसावळचं नाव होतं. माझ्या आईने नाव वाचलं आणि पहिला प्रश्न केला, काळा कागद आणायचा का.

वरणगावचे_आप्पा
वहिनींना माझा नमस्कार सांगा. आमच्या पिढीला तो कागद विसरता येत नाही.

खळ्यावरचा
होळीच्या रात्रीचं सांगतो. पारोळा तालुका. सगळं गाव होळीभोवती बोंब मारतंय. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या खळ्यात कुट्टीला, गुरांच्या बारीक केलेल्या चाऱ्याला आग. आमचा सालदार बोंब मारत पळत आला आणि कोणी मान वळवून बघेना! होळीला बोंब ऐकून कोण पळणार? त्याने सरळ पाटलांच्या हाताला धरून ओढलं, खळ्याकडे बोट दाखवलं. तिकडे उजेड दिसला तेव्हा होळीभोवतीची सगळी माणसं तशीच खळ्याकडे वळली. बैल आधीच सोडले होते त्याने. आधी बैल, मग बोंब. आमचे वडील शेवटपर्यंत त्याचं हे सांगायचे. पुढच्या वर्षीपासून होळीच्या दिवशी खळ्यात एक माणूस आणि पाण्याची टाकी, आजतागायत.

भरीत_भाकर
आधी बैल मग बोंब. काय माणूस असेल.

बंबवाल्याची_पोर
मी उलट्या बाजूने लिहिते. वडील नगरपालिकेच्या अग्निशमन दलात, आमची खोली स्टेशनच्या मागेच. तुम्हाला भोंगा ऐकून आग कळायची, आम्हाला त्याच्या आधी फोनची घंटी. रात्री फोन वाजला की मी डोळे मिटून ऐकत पडायचे. बोलणारा पत्ता परत परत विचारतोय म्हणजे खरी वर्दी. मग बुटांचा आवाज, इंजिन, आणि सगळ्यात शेवटी पितळी घंटा. ड्रायव्हरशेजारी बसलेला माणूस दोरीने ती वाजवायचा. चौकापर्यंत घंटा ऐकू यायची, पुढे नाही. ऐकू येणं बंद झालं की आई उठून देव्हाऱ्यात दिवा लावायची आणि तो विझू न देता बसायची.

घंटा घासायचं काम सुट्टीत माझ्याकडे. चिंच आणि राख. आतून घासू नको म्हणायचे वडील, आवाज बदलतो.

14 एप्रिलला ते कडक इस्त्रीचा गणवेश घालायचे. मुंबईच्या गोदीत 1944 साली त्याच तारखेला जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे 66 जण गेले. आमच्या स्टेशनात त्या दिवशी मानवंदना असायची. मला लहानपणी वाटायचं ते सगळे वडिलांच्या ओळखीचे होते, इतकं ते त्यांच्याबद्दल बोलायचे.

नंतर गाड्यांवर विजेचे सायरन आले. घंटा काढून नेली. वडिलांना ते काही पटलं नाही. सायरन रुग्णवाहिकेलाही असतो, पोलिसांच्या गाडीलाही असतो, घंटा फक्त आमची होती, असं म्हणायचे.

तापीकाठची
तुझ्या आईला कुठे ठेवू गं मनात. भाच्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो पितळेची घंटा बघायची.

मास्तरीणबाई
आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. माझ्या लहानपणी त्याच शाळेत शिकले आणि नंतर त्याच शाळेत शिकवलं. 16 जुलै 2004 ला कुंभकोणमच्या शाळेत आग लागून 94 लेकरं गेली. स्वयंपाकघराच्या गवती छपरातून आग वर चढली होती. आमच्याकडे खिचडी वर्गाशेजारीच शिजायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांना मैदानात नेलं आणि रूळ सलग वाजवून दाखवला, असा वाजला की दप्तर सोडायचं, लहानांचा हात धरायचा आणि लिंबाखाली यायचं. पहिलीतली एक पोरगी म्हणाली, दप्तरात नवी पेन्सिल आहे. तिच्यासमोर बसून तिला समजवावं लागलं. चूल त्याच आठवड्यात आम्ही वर्गापासून लांब हलवली.

सातपुड्यातला
धडगावकडे पाड्यावरची घरं लांब लांब, एक या टेकडीवर, एक त्या. भिंती कुडाच्या. मोहाच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळतात, फुलं दिसावीत म्हणून, वारा आला की आग पसरते. लांब ओढलेली हाक एका टेकडीवरून दुसरीवर जायची, तिथून तिसरीवर. वडील आश्रमशाळेत शिक्षक होते, मी तिथेच वाढलो. हाक ऐकून माणसं पानांच्या ओल्या फांद्या तोडून धावायची. झोडपून विझवायची. नेटवर्क अजून धड नाही, त्यामुळे हाक अजून आहे.

न्यूजर्सीकर_चोपड्याची
इथे छताला गोल डबी असते, आत प्रकाशाचा किरण, धूर शिरला की तो विखुरतो आणि डबी किंचाळते. मी गॅसवर भरताची वांगी भाजली. लेक तीन वर्षांची होती, तिने पहिल्यांदा ऐकला तो हाच. घाबरून माझ्या पायाला बिलगली. आता वांगं हातात घेतलं तरी ती आधी खिडकी उघडते. कपाशीच्या काड्यांवर शेतात भाजायचं सोडून हे काय आलं नशिबी, असं दरवेळी वाटतं.

भरीत_भाकर
कुठली वांगी मिळतात तिकडे? बामणोदची नसणारच.

न्यूजर्सीकर_चोपड्याची
जांभळी, चकचकीत, चव काही नाही. बामणोदचं नाव काढू नका 😭

पाचोऱ्याचा
लहानपणीचं नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. 22 जानेवारी 2025, आमच्या परधाड्याजवळ. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागली अशी नुसती आवई उठली. साखळी ओढली, माणसं खाली उतरली, आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. आग नव्हतीच. वरचे सगळे भोंगे, थाळ्या वाचताना तेच डोळ्यांसमोर येत होतं. भोंगा खरं काय ते सांगायचा, डब्यात ओरडणारा तर स्वतःच घाबरलेला असतो. आमच्या गावातली माणसं त्या दिवशी शेतातून पळत गेली होती.

बंबवाल्याची_पोर
खूप वाईट झालं ते. गाडी थांबली तरी दुसऱ्या रुळाच्या बाजूने उतरायचं नाही, हे वडील आम्हाला प्रत्येक प्रवासात सांगायचे.

खळ्यावरचा
एक विचारतो. आमच्या गावाला बंब तालुक्याहून येतो, शेतात लागली तर रस्ता सापडत नाही त्यांना. काय करावं?

बंबवाल्याची_पोर
101 ला लावा, नाही लागला तर 112. गट नंबर सांगू नका, त्यांना कळत नाही. मोठी खूण सांगा, मारुतीचा पार, पाण्याची टाकी, पेट्रोल पंप. काय जळतंय ते सांगा, कापूस, कडबा का गॅस. विजेच्या तारा जवळ असतील तर ते आधी सांगा. आणि एक माणूस मोटारसायकलवर डांबरी रस्त्याच्या फाट्यावर पाठवा, रात्र असेल तर बॅटरी घेऊन. बंब दिसला की त्याने पुढे चालायचं. आडवाटेला मोठी गाडी वळत नसेल तर तेही फोनवरच सांगा.

खळ्यावरचा
झालं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून लावतो उद्या. आमच्या फाट्यावर वडाचं झाड आहे, तीच खूण देतो.