मध्यंतरानंतर कोण कोण होतं?

मोठे काका: काल नाटकाच्या मध्यंतरानंतर चौथ्या रांगेतली 14 नंबरची खुर्ची रिकामी होती. मी शेवटपर्यंत तिच्यावर जर्किन ठेवून जागा धरली. कुठे गेली होतीस?

आत्या: घरी.

मोठे काका: बरं नव्हतं का?

आत्या: ठणठणीत आहे. कंटाळा आला म्हणून गेले. वहिनींना सांगितलं होतं.

काकू: वन्सं, तुम्ही "आलेच" एवढंच म्हणालात. मला वाटलं हातपाय धुवायला गेलात.

मोठे काका: महिनाभर आधी तिकिटं काढली होती मी. एका अंकावरून नाटक कसं आहे ते ठरवतेस?

आत्या: अण्णा, शितावरून भाताची परीक्षा होते. मी तर सव्वा तास भातच खाल्ला. आणि पैसे तू तिकीट काढलंस तेव्हाच गेले. मी उठले म्हणून आणखी गेले नाहीत, तुम्ही बसलात म्हणून परत आले नाहीत.

दादा: आत्या बरोबर बोलतेय. बुडीत खर्च म्हणतात याला. आणि यावर चक्क नाटकाच्या तिकिटांचाच प्रयोग झालाय. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांचा, 1985 साली छापून आला. अमेरिकेत ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्या 60 जणांचा. काहींना पूर्ण किमतीला दिली, 15 डॉलर. काहींना 2 डॉलर कमी करून, काहींना 7. कुणाच्या वाट्याला काय, ते निव्वळ नशीब. नाटकं सगळ्यांना तीच. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले सरासरी 4.11 नाटकांना आले आणि सवलतवाले 3.3 च्या आसपास. आवड कुणाची जास्त नव्हती, फक्त खिशातून जास्त गेले होते.

मोठे काका: म्हणजे सवलतवाल्यांनी 0.8 नाटक कमी बघितलं. नुकसान त्यांचंच.

काकू: 0.8 म्हणजे ते मध्येच उठून गेले असतील, वन्संसारखे.

दादा: काकू 😄 पण पुढे गंमत आहे. दुसऱ्या अर्ध्यात हा फरक जवळपास पुसला गेला. पैसे गेल्याची कळ काही महिन्यांत निवते म्हणे.

मोठे काका: तिकीट खिशात असेपर्यंत निवत नाही.

ताई: बाबा, मी काल नव्हते, पण दुसऱ्या बाजूने सांगते. हौशी का होईना, मी स्टेजवर उभी राहिलेय. दिवे तोंडावर असतात त्यामुळे मागचं काही दिसत नाही, पण पुढच्या चार-पाच रांगा नीट दिसतात. मध्यंतरानंतर पडदा उघडला की पहिली नजर रिकाम्या खुर्चीवरच जाते. पडलेल्या दातावर जीभ जाते ना, तशी. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

मोठे काका: ऐकलंस?

ताई: पूर्ण ऐका. रिकामी खुर्ची परवडते. एका प्रयोगाला दुसऱ्या रांगेत एक गृहस्थ शेवटपर्यंत बसले, मांडीवर मोबाईल उघडून. अंधारात फक्त त्यांची हनुवटी निळी दिसत होती. माझा शेवटचा प्रवेश होता, आईला निरोप देण्याचा, आणि मी तो सगळा त्या हनुवटीला दिला. ते मध्यंतरात घरी गेले असते तर मी मनातून आभार मानले असते. प्रवेश चालू असताना लोकांच्या गुडघ्यांवरून जाऊ नये, एवढंच. अगदीच निघायचं तर दोन प्रवेशांच्या मध्ये अंधार होतो तेव्हा, वाकून. आत्या मध्यंतरात गेली, यात गैर काहीच नाही.

मोठे काका: माझी मुलगी असून.

काकू: आता विषय निघालाच आहे तर सांगते. मलाही उठायचं होतं. हे इतक्या हौसेने घेऊन आले म्हणून बसले.

मोठे काका: काय? अगं, मी तुझ्यासाठी बसलो! पहिल्या अंकात तू दोनदा डोळे पुसलेस. म्हटलं, हिला लागलंय नाटक.

काकू: एसीचा झोत थेट डोळ्यांत येत होता.

दादा: मी काकांकडे बघून बसलो होतो.

मी: आणि मी दादा उठतोय का ते बघत. अख्खा दुसरा अंक.

ताई: धन्य आहात.

मी: यावर एक जुना किस्सा आहे. जेरी हार्वी नावाच्या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी 1974 साली लिहिलेला. टेक्सासमधलं सासर, भर उन्हाळा, दुपारी सगळे घरी निवांत खेळत बसलेले. सासरे म्हणाले, ॲबिलीनला जेवायला जाऊया का. 53 मैल, धुळीचा रस्ता, गाडीत एसी नाही. बायको म्हणाली छान कल्पना आहे, हार्वी म्हणाले सासूबाईंना चालत असेल तर जाऊ, सासूबाई म्हणाल्या चालेल की. गेले, भिकार जेवले, भाजून निघून परत आले. मग सासूबाई म्हणाल्या, मला तर जायचंच नव्हतं, तुम्ही मागे लागलात म्हणून आले. मग एकेक करून कळलं की चौघांपैकी एकालाही जायचं नव्हतं. सासऱ्यांनाही नाही! त्यांना वाटलं, बाकीचे कंटाळले असतील, म्हणून आपलं सुचवलं. आपण काल दुसरा अंक बघितला तो असाच.

काकू: त्या सासूबाई बोलल्या तरी. नाहीतर अजून जात असते ॲबिलीनला.

आजी: मला आवडलं.

दादा: आजी, तू झोपली होतीस!

आजी: पहिल्या अंकात. म्हणून मला नाटक सुटसुटीत वाटलं.

काकू: आईंनी जिंकलं.

आजी: दुसऱ्या अंकात जागी होते. ती मोठी बहीण पत्र वाचते आणि घडी घालते. एकदा, दोनदा, तीनदा. चौथी घडी बसत नाही, कागद जाड झालेला. तरी ती अंगठ्याने दाबत राहते. बोलत काही नाही. धाकटी आपली बडबडतेय आणि ही दाबतेय. बाकी नाटक मलाही फार कळलं नाही.

आत्या: हे मी गेल्यावर झालं?

आजी: हो.

मोठे काका: बघ.

आत्या: बघितलं. हुकलं माझं, कबूल. पण त्या एका घडीसाठी आणखी सव्वा तास? आई, तू सांगितलंस ते मला पुरलं.

दादा: डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञाचा आणि इतरांचा 1993 चा प्रयोग आहे. एकदा 14 अंश थंड पाण्यात 60 सेकंद हात बुडवायचा. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30, फक्त त्या 30 मध्ये पाणी हळूहळू 15 अंशांवर आणलेलं. परत यातलं कोणतं कराल विचारल्यावर जास्त लोकांनी लांबचं निवडलं. शेवट जरा सुसह्य झाला की आधीचं सगळं कमी टोचतं. आजीला तर शेवटच चांगला लागला.

मोठे काका: आपण नाटकाला गेलो होतो की गार पाण्यात हात घालायला?

आत्या: पहिल्या अंकात तरी तेच वाटत होतं.

ताई: आणि दादा, तू कुणाला शिकवतोस? ती मालिका तिसऱ्या सीझनपासून भंगार झाली असं तूच म्हणतोस आणि सहावा बघतोयस.

दादा: पाच बघून झाल्यावर सोडवत नाही गं.

ताई: मग 60 जणांत तुझं नाव घाल.

मी: मालिकेचं नाटकापेक्षा अवघड आहे. नाटकात दिवे लागतात, लोक उठतात, पाय मोकळे करताना विचार करता येतो की परत जायचं का. मालिकेत पुढचा भाग आपोआप सुरू होतो, उठायला फटच नाही. मी हल्ली भागाच्या मधेच बंद करते. विसाव्या मिनिटाला, वाक्य चालू असताना सुद्धा. भागाचा शेवट आपल्याला अडकवायलाच लिहिलेला असतो, तिथे थांबायला गेलं की थांबता येत नाही. मधे थांबलं तर दुसऱ्या दिवशी आठवणही येत नाही, आणि तेव्हाच कळतं मालिकेत किती दम होता ते.

काकू: हे करून बघते.

मी: पुस्तकांसाठी नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा नियम आहे. 50 पानं वाचा, नाही रमलात तर सोडा. पन्नाशी उलटली की 100 मधून वय वजा करायचं, तेवढीच पानं.

मोठे काका: म्हणजे मला 36. आणि आईला?

मी: 84 वजा केले तर 16.

आजी: 16 खूप झाली.

दादा: नाटकात 16 मिनिटं धरू.

काकू: सोळाव्या मिनिटाला आई घोरत होत्या.

ताई: नियमात बसतं मग!

मोठे काका: ठीक आहे. पुढच्या वेळी मध्यंतरात सगळ्यांनी बाहेर यायचं आणि मी सरळ विचारणार, थांबायचं की जायचं. माझ्याकडे बघून नाही, खरं सांगायचं.

आत्या: आधी मला विचार. बाकीचे तुझ्याकडेच बघतात.

आत्या: आणि माझं चष्म्याचं घर कुणाला दिसलं का? तपकिरी. सगळी पर्स उलटी केली.

मोठे काका: माझ्याकडे आहे. खुर्चीवरच होतं. त्याच्यावरच जर्किन ठेवलं होतं मी.

आत्या: मग काल फोन का नाही केलास?

मोठे काका: घर इथे आहे म्हणजे परत येशील असं वाटलं. पडदा पडेपर्यंत.

आत्या: संध्याकाळी येते घ्यायला.

मोठे काका: ये. मध्येच उठून जायचं नाही.