सीडीई सुरूच होत नाही तेव्हा : आपापले अनुभव लिहा

एचपी, आयबीएम, सन आणि युनिक्स सिस्टीम लॅबोरेटरीज यांनी १९९३ मध्ये एकत्र येऊन जाहीर केलेले कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे सीडीई हे खिडक्या आणि चिन्हांचे डेस्कटॉप, ज्यांनी युनिक्सच्या वर्कस्टेशनवर वापरले, त्यांना एक प्रसंग हमखास आठवत असेल. नाव आणि पासवर्ड स्वीकारला जातो, पडदा क्षणभर कोरा होतो आणि पुन्हा लॉगिनचीच खिडकी समोर येते. पडद्यावर काय दिसले, लॉगमध्ये काय सापडले आणि खरे कारण कोठे निघाले, एवढे कृपया सविस्तर लिहावे. ‘पुन्हा इन्स्टॉल केले आणि चालू झाले’ हे उत्तर मात्र नको, कारण त्यातून कोणालाच काही शिकता येत नाही.

पुणे, महाविद्यालयीन प्रयोगशाळा

आमच्याकडे सोलारिस या सनच्या युनिक्सची यंत्रे होती आणि विद्यार्थ्यांच्या होम डिरेक्टरी (वैयक्तिक फाइलींच्या जागा) एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटून देण्याच्या पद्धतीने, एका सर्व्हरवरून येत असत. एका विद्यार्थ्याला कोणत्याही यंत्रावर सीडीई मिळेना, रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, मात्र सगळीकडे मिळे. लॉगिनच्या ऑप्शन्समधून कमांड लाइन लॉगिन निवडून आत गेल्यावर दिसले की त्याचा डिस्क कोटा, म्हणजे ठरवून दिलेली जागा, संपला होता. सीडीईला सुरू होतानाच होम डिरेक्टरीत एक्सऑथॉरिटीची (पडदा वापरण्याच्या परवानगीची) फाइल आणि ‘डॉट डीटी’खालील सेशनच्या फाइली लिहाव्या लागतात, आणि त्यासाठी जागाच उरली नव्हती. कोसळलेल्या प्रोग्रामने मागे ठेवलेली प्रचंड कोअर फाइल पुसताच काम झाले.

ठाणे, निवृत्त सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर

माझ्या पाहण्यात सर्वाधिक वेळा कारण निघाले ते यंत्राच्या नावाचे. एक वर्कस्टेशन एका विभागातून दुसऱ्या विभागात हलवले गेले, त्याला नवा आयपी पत्ता मिळाला, पण यंत्रांची नावे आणि पत्ते जोडणाऱ्या, ईटीसी डिरेक्टरीतील होस्ट्स फाइलीत यंत्राच्या नावापुढे जुनाच पत्ता राहिला. लॉगिननंतर बराच वेळ घड्याळाचा कर्सर फिरत राहिला आणि अखेर डीटी मेसेजिंग सिस्टीम सुरू करता आली नाही, असा संदेश आला. हा संदेश नवख्या माणसाला घाबरवतो, पण तो नीट वाचला तर उपायही त्यातच दिलेला असतो : फेलसेफ सेशनने (फक्त टर्मिनल देणाऱ्या साध्या सेशनने) आत जा आणि होस्टनेम तपासा. सीडीईतील प्रोग्राम एकमेकांशी टूलटॉक या निरोप पोहोचवणाऱ्या व्यवस्थेमार्फत बोलतात. त्यासाठी चालणारा टीटीसेशन हा प्रोग्राम आरपीसी (दुसऱ्या प्रोग्रामकडून नेटवर्कवरून काम करवून घेण्याची पद्धत) वापरतो आणि स्वतःच्याच यंत्राला नावाने हाक मारतो. त्या नावाचा पत्ता भलतीकडचा निघाला, तर उत्तर येणार कोठून? होस्ट्समधील ती एक ओळ दुरुस्त केली आणि डेस्कटॉप आला. सोलारिसवर डीएचसीपीने, म्हणजे नेटवर्कवरील सर्व्हरकडून आपोआप, पत्ता घेणाऱ्या यंत्राला सर्व्हरकडून नाव मिळाले नाही, तर ते स्वतःला ‘अननोन’ म्हणवून घेई आणि तेथेही हेच दुखणे उद्भवे.

नाशिक

आमच्या कार्यालयात एका सहकाऱ्याने ‘डॉट डीटीप्रोफाइल’ फाइलीतील डीटीसोर्सप्रोफाइल ही ओळ चालू केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचे लॉगिन अडले. ही ओळ चालू असली की सीडीई सुरू होताना वापरकर्त्याची नेहमीची ‘डॉट प्रोफाइल’ फाइलही वाचली जाते. तिच्यात टर्मिनलचा प्रकार विचारणारा प्रश्न होता आणि शेवटी दुसरी शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) ‘एक्झेक’ने, म्हणजे चालू प्रोग्रामच्या जागी, सुरू केली होती. त्या क्षणी समोर टर्मिनल नसते, त्यामुळे प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी नाही. आणि ‘एक्झेक’मुळे सेशन सुरू करणारी स्क्रिप्टच बाजूला सारली जाते. होम डिरेक्टरीत ‘डॉट डीटी’खाली असलेल्या स्टार्टलॉगमध्ये याचा माग स्पष्ट होता. सीडीई सुरू होताना भरले जाणारे डीटी हे व्हेरिएबल रिकामे असेल तरच टर्मिनलच्या ओळी चालाव्यात, अशी अट घातल्यावर अडचण सुटली. स्टार्टलॉग उघडण्यापूर्वी आम्ही ग्राफिक्स कार्ड बदलण्याच्या गोष्टी करत होतो, हे येथे नमूद करतो.

नागपूर

थोडक्यात लिहितो. कोणीतरी तात्पुरत्या फाइलींची टीएमपी डिरेक्टरी पुसून नव्याने केली आणि तिच्या परवानग्या १७७७ (सर्वांना लिहिता येईल अशा) ऐवजी ७५५ (फक्त मालकाला लिहिता येईल अशा) राहिल्या. रूटला सीडीई मिळे, बाकी कोणालाही नाही. परवानग्या बदलणाऱ्या एका सीएचमॉड आज्ञेने भागले.

धागाकर्ता

पुणे आणि नागपूर येथील अनुभव शेजारी ठेवले, तर एक उपयुक्त गोष्ट लक्षात येते. दोन्हीकडे रूटचे लॉगिन व्यवस्थित होते, पण कारणे निराळी होती, म्हणजे निव्वळ रूटने तपासून निदान होत नाही. ज्याची होम डिरेक्टरी त्याच यंत्राच्या डिस्कवर आहे, असा एक साधा वापरकर्ता तयार करून पाहावा. त्याला डेस्कटॉप मिळाला, तर दोष मूळ वापरकर्त्याच्या फाइलींत किंवा त्याच्या होम डिरेक्टरीत शोधावा. त्यालाही मिळाला नाही, तर टीएमपी, होस्ट्स आणि आरपीसी यांकडे वळावे.

न्यू जर्सी, हौसेखातर

सोलारिस ११ मधून सीडीई गेले, पण २०१२ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाल्यावर मी ते लिनक्सवर बांधले. एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम, चालू असूनही टूलटॉक उभे राहीना. ठाण्याच्या गृहस्थांनी वर्णिलेलेच दुखणे होते, फक्त येथे होस्टनेम बरोबर होते आणि आरपीसी सेवांची नोंद ठेवणारे आरपीसीबाइंड चालूच नव्हते. ते नुसते चालू करूनही पुरले नाही. सामान्य वापरकर्त्याच्या प्रोग्रामला नोंदणी करता यावी म्हणून ‘उणे आय’ हा पर्याय द्यावा लागला. या पर्यायाने सुरक्षितता सैल होते, म्हणून असे करणाऱ्यांनी फायरवॉलमध्ये १११ क्रमांकाचा पोर्ट बाहेरच्यांसाठी बंद ठेवावा.