मदत हवी आहे: पाण्यापावसात टिकणारा छोटा कॅमेरा की हाताशी असलेला जुना डीएसएलआर?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे निकॉन डी७००० हा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आणि त्याच्यासोबत आलेली १८-१०५ मिमीची झूम लेन्स आहे. कॅमेरा २०१०चा, पण ठणठणीत. आता ऑलिम्पसचा टीजी-६ (२०१९चा, पाणी-धक्का-धूळ सोसणारा) वापरलेला पण चांगल्या स्थितीत मिळतोय. डीएसएलआर विकून हा घ्यावा, जोडीला घ्यावा, की मोह सोडून द्यावा, यावर मत हवंय.

मी काय टिपतो ते सांगतो, म्हणजे उत्तरं हवेत जाणार नाहीत. ओढ्याकाठचे बेडूक, कीटक, अळंबी, ओल्या खोडावरची बुरशी. कधी कयाकमधून (वल्ह्याच्या छोट्या होडीतून) किनारा. हे सगळं नेमकं पाऊस पडताना किंवा पडून गेल्या गेल्या छान दिसतं आणि नेमका तेव्हाच डी७००० पिशवीत तीन आवरणांखाली असतो. बॅटरी आणि लेन्स धरून तो सव्वा किलोच्या आसपास जातो, टीजी-६ पाव किलोचा.

ओळखीतल्या एकांचा टीजी-६ काही दिवस वापरायला मिळाला. उन्हात, वाइडला (झूम न करता) काढलेले फोटो पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कशाचा हे सांगायला मला थांबून बघावं लागलं. झाडीतल्या सावलीत मात्र टीजीचं शेवाळ म्हणजे नुसता हिरवा लगदा. तंतू दिसेनात. रॉमध्ये (प्रक्रिया न झालेल्या मूळ फाइलमध्ये) काढून घरी सोपस्कार केले की थोडं सुधारतं, पण थोडंच.

म्हणून प्रश्न असे. कमी उजेडातला हा फरक खरंच किती, की मीच सेटिंगमध्ये कमी पडतोय? जवळून फोटो काढायला टीजीचं एवढं कौतुक होतं, ते डी७०००वर जमवता येईल का? आणि वापरलेल्या जलरोधक कॅमेऱ्यावर पाण्यात विश्वास टाकावा का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

डी७००० विकू नका. एवढ्या जुन्या बॉडीचे हातात काही येत नाही, आणि जो घेईल तो लेन्ससाठी घेईल. बाकी चर्चा चालू द्या.

प्रतिसाद २

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. सेटिंगचा दोष नाही, भूमितीचा आहे.

टीजी-६चा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) १/२.३ इंची, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ६.२ × ४.६ मिमी. डी७०००चा २३.६ × १५.६ मिमी. क्षेत्रफळात तेरापट फरक, म्हणजे पावणेचार स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पण लोक इथेच थांबतात आणि चुकतात, कारण टीजीची लेन्स वाइडला एफ/२ आहे आणि तुमची एफ/३.५ (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त). त्यात टीजी दीडेक स्टॉप परत मिळवतो.

सेन्सर आणि एफ-क्रमांक वेगवेगळे धरण्यापेक्षा उजेड आत येतो ते छिद्र केवढं आहे ते बघा. छिद्र म्हणजे फोकल लांबी (लेन्सवर लिहिलेले मिमी) भागिले एफ-क्रमांक. टीजीची वाइडची फोकल लांबी ४.५ मिमी, भागिले २, म्हणजे सव्वादोन मिमीचं छिद्र. तुमची १८ भागिले ३.५, म्हणजे पाच मिमी. दोघांची दृश्यचौकट जवळपास सारखीच, त्यामुळे छिद्राच्या क्षेत्रफळाची तुलना सरळ करता येते: सुमारे पाचपट उजेड तुमच्या डीएसएलआरला. दोन स्टॉप आणि वर थोडं. उन्हात हे कळत नाही, कारण दोघांनाही भरपूर मिळतं.

आता झूम पूर्ण करा. टीजी १८ मिमीला एफ/४.९, छिद्र ३.७ मिमी. त्याच चौकटीसाठी तुम्ही ६७ मिमीच्या आसपास असाल, एफ/५ धरला तरी छिद्र तेरा मिमीचं. म्हणजे उजेड पुन्हा बारा-तेरापट. झाडीत झूम करून काढलेला टीजीचा फोटो लगदा होतो तो यामुळे. टीजीवर सावलीत झूम करू नका, पायांनी जवळ जा, निम्मी तक्रार मिटेल.

आणि डी७०००वर ३५ मिमी एफ/१.८ चढवली तर छिद्र १९ मिमीच्या पुढे. लेन्स बदलता येण्याचा खरा अर्थ तो. शिवाय त्या काळातल्या डीएक्स (निकॉनच्या याच आकाराच्या) सेन्सरांमध्ये डी७०००चा सेन्सर सावल्या उचलायला फार चांगला होता. कमी आयएसओवर (सेन्सरची संवेदनशीलता कमी ठेवून) जाणूनबुजून अंधारा फोटो काढून घरी उजळला तरी तो सहज सोसतो. १२ मेगापिक्सेलच्या टीजीमध्ये असं करायला गेलात की गोंगाट (रवाळपणा) वर येतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. टीजी-६मध्ये पूर्ण मॅन्युअल मोड नाही आणि शटर प्रायॉरिटीही (शटरचा वेग आपण ठरवायचा तो मोड) नाही. ॲपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं) आहे, त्यातही निवडायला मोजकीच छिद्रं. डी७०००वर बोटं रुळलेल्या माणसाला हे पहिल्याच आठवड्यात खुपेल. रॉ देणारा कॅमेरा शटरचा वेग ठरवू देत नाही, हा निर्णय मला आजतागायत समजलेला नाही.

धागाकर्ता

छिद्राचा हिशोब एकदम पटला, इतके दिवस मी सेन्सरचंच घेऊन बसलो होतो. मॅन्युअल नाही हे ओळखीच्यांच्या कॅमेऱ्यात शोधून थकलो, तेव्हा मला वाटलं मेनूत कुठेतरी दडलं असेल.

प्रतिसाद ३

फोन का नाही वापरत? हल्लीच्या फोनांना आयपी६८ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) असतं.

प्रतिसाद २ (पुन्हा)

ओल्या बोटांनी टचस्क्रीन धड चालत नाही, भर पावसात तर आपोआप भलतीकडेच दाबलं जातं. आणि आयपी६८ लिहिलेल्या बहुतेक फोनांच्या वॉरंटीतून पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं, अटी वाचून बघा. रस्त्यावरच्या पावसाला ठीक. कयाकमध्ये बँक, तिकीट आणि घरच्यांचे नंबर असलेली वस्तू हातात धरून वाकायची माझी छाती होत नाही.

प्रतिसाद ४

मी कीटकांचे फोटो काढते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर बोलते. दोन्ही प्रकारचे कॅमेरे वापरले आहेत.

टीजीचा मायक्रोस्कोप मोड खरोखर चांगला आहे, जाहिरातबाजी नाही. काचेपासून एक सेंटिमीटरवर फोकस होतो आणि त्यासाठी काही जोडावं, काढावं लागत नाही. छोट्या सेन्सरचा इथे उलट फायदा होतो: एफ/२लाही खोली (पुढे-मागे जेवढं स्पष्ट येतं ते अंतर) पूर्ण चौकटीच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) एफ/११सारखी मिळते, म्हणून मुंगीचं डोकं आणि पोट दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. वर फोकस स्टॅकिंग कॅमेऱ्यातच. एकामागून एक फोटो घेऊन तो स्वतःच जोडून देतो. अळंबी, बुरशी, शेवाळाची फळं यांसाठी यापेक्षा कमी कटकटीचं साधन मला माहीत नाही, कारण ती मंडळी हलत नाहीत.

हलणाऱ्यांचं काय? एक सेंटिमीटरवर कॅमेरा नेला की उजेड तुमचाच अडतो आणि चतुर तोवर उडालेला असतो. उजेडावर तोड म्हणून लेन्सभोवती बसणारं एफडी-१ डिफ्यूझर मिळतं, ते कॅमेऱ्याच्याच फ्लॅशचा उजेड कडेने पसरवतं. ते जरूर घ्या, त्याशिवाय टीजीचा मॅक्रो (अगदी जवळून काढलेला फोटो) अर्धाच. पळण्यावर मात्र तोड नाही.

आता डी७०००. मॅक्रो लेन्स घ्यायलाच हवी असं नाही. रेनॉक्स डीसीआर-२५० नावाचं छोटं क्लोज-अप भिंग येतं, ८ डायॉप्टर ताकदीचं, ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टर-आट्यांवर चिमट्यासारखं अडकतं. तुमच्या १८-१०५चा आटा ६७ मिमीचाच, म्हणजे बसतं. १०५ मिमीला ठेवलंत तर जवळजवळ खऱ्या आकाराएवढी प्रतिमा सेन्सरवर पडते, आणि तरी भिंग आणि कीटक यांत दहा-बारा सेंटिमीटर अंतर राहतं. या अंतरामुळे कोळी बसून राहतो. किंमत म्हणाल तर खोली कागदाएवढी. एफ/११-एफ/१६ला जावं लागतं, मग फ्लॅश आलाच, आणि फ्लॅशपुढे पांढरा कागद किंवा पातळ फोम लावून उजेड मऊ करावा लागतो. सवय लागायला वेळ जातो. पण लागली की कीटकाच्या डोळ्यातल्या षट्कोनी जाळीपर्यंत जे दिसतं ते टीजीमधून मला कधी मिळालं नाही.

म्हणून माझं मत: तुमच्या यादीत बेडूक आणि कीटक वरचढ असतील तर आधी हे भिंग आणि एक साधा बाह्य फ्लॅश घ्या, टीजी नंतर. अळंबी-बुरशी आणि कयाक वरचढ असतील तर टीजी.

धागाकर्ता

खरं सांगायचं तर कीटक मी हौसेने म्हणतो, प्रत्यक्षात माझ्या फोल्डरमध्ये अळंबी आणि बेडूकच जास्त आहेत. बेडूक बसून राहतात का?

प्रतिसाद ४ (पुन्हा)

रात्री बऱ्याचदा राहतात. दिवसा नाही. त्यांच्या पातळीला खाली गेलात तर जास्त जवळ येऊ देतात, आणि तिथे टीजी बरा: थेट चिखलात टेकवता येतो, नंतर गाळ धुऊन टाकायचा. पडदा दोघांचाही हलत नाही, म्हणजे बघायला तुम्हालाच खाली वाकावं लागेल, पण डी७००० चिखलात टेकवायची सोय नाही. एवढंच की बेडकाला हात लावून जागा बदलायला लावू नका, त्याची त्वचा नाजूक असते.

प्रतिसाद ५

तिसऱ्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही, तोच सगळ्यात महागात पडणारा आहे.

टीजी-६वर १५ मीटर पाणी, २.१ मीटरवरून पडणं, १०० किलोचा दाब, उणे १० अंश असं जे लिहिलंय ते नव्या कॅमेऱ्याबद्दल आहे. पाणी अडवतं ते बॅटरीच्या आणि केबलच्या झाकणामागचं रबर. रबर म्हातारं होतं. ही सीलं वर्षातून एकदा बदलून घ्यावीत असं बनवणारेच सांगतात आणि बहुतेक मालक ते करत नाहीत. सीलवर एक केस किंवा वाळूचा एक कण अडकला तरी वाट मिळते.

विकत घेताना झाकणं उघडून रबराला बारीक चिरा आहेत का ते बघा. बॅटरीच्या खणात स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर नमस्कार करून परत या. लेन्ससमोरच्या काचेच्या आतल्या बाजूला धुकं किंवा थेंबांचे डाग? तेच. बिजागरीजवळचे स्क्रू गंजले असतील तर तो समुद्रात जाऊन न धुता ठेवलेला कॅमेरा आहे. कोपऱ्यात खोल पोचा असेल तर झाकणाची चौकट वाकलेली असू शकते, मग नवं रबर घालूनही उपयोग नाही.

सगळं ठीक वाटलं तर विकणाऱ्याच्या परवानगीने, नाहीतर घेतल्यावर लगेच, हे करा. बॅटरी आणि कार्ड काढून ठेवा, रिकाम्या खणात टिश्यू पेपरचा तुकडा घाला, झाकण नीट कुलूपबंद करा आणि बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. बाहेर काढून पूर्ण कोरडा केल्यावरच उघडा. कागद ओला असेल तर निदान बॅटरी आत नव्हती. कोरडा निघाला म्हणजे १५ मीटरची हमी मिळाली असं नाही, बादलीत दाब कुठून येणार? पण पाऊस, ओढा आणि कयाक एवढ्यासाठी समाधान होतं. वापरलेला घेऊन त्याच्यासह डायव्हिंग मी तरी करणार नाही.

अजून दोन गोष्टी. हा कॅमेरा तरंगत नाही, दगडासारखा खाली जातो. भडक रंगाचा तरंगणारा पट्टा लावल्याशिवाय कयाकमध्ये बसू नका. दुसरं, दमट हवेत झाकण उघडून बंद केलं की ती वाफ आत कोंडते आणि थंड पाण्यात उतरल्यावर काचेवर आतून धुरकट थर येतो. बॅटरी घरी, कोरड्या खोलीत चार्ज करून निघा, ओढ्यावर झाकण उघडायची वेळच येऊ देऊ नका. टीजी-६ची बॅटरी कागदावर ३४० फोटोंची आहे, डी७०००ची १०५०, त्यामुळे दिवसभर काटकसरीने वापरावा लागेल.

उलट बाजूही सांगतो. डी७०००च्या बॉडीला ओलावा-धूळरोधक सीलं आहेत हे खरं, पण पाणी शिरायचं ते बहुधा माउंटमधून (लेन्स बॉडीला बसते तिथून) आणि झूमच्या सरकत्या नळीतून शिरतं, आणि किट लेन्सना (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या) तिथे फारसं संरक्षण नसतं. 'सील्ड बॉडी' वाचून भर पावसात काढू नका. रिमझिम आणि वर प्लास्टिकची पिशवी, एवढंच.

प्रतिसाद ६

अवांतर: दोन्ही एकत्र करायचा प्रयत्न निकॉननेच केला होता. २०१३चा निकॉन १ एडब्ल्यू१. लेन्स बदलता येणारा, एक इंची सेन्सर, १५ मीटरपर्यंत जलरोधक, त्यासाठी दोन खास जलरोधक लेन्सही काढल्या. पुढे ती सगळी मालिकाच बंद झाली. त्याआधी फिल्मच्या काळात पाण्याखाली चालणारा निकोनॉस होताच, १९६३पासून. आज या वर्गात काहीच नाही याचं मला वाईट वाटतं. वापरलेला एडब्ल्यू१ दिसला तर हुरळून जाऊ नका, वरच्या प्रतिसादातल्या रबराच्या गोष्टी तिथे दुप्पट लागू होतात, कारण लेन्सच्या माउंटलाही एक सील आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

डी७००० विकत नाही, हे नक्की. माझ्या फोल्डरमध्ये काय जास्त आहे ते बघता टीजी-६ जोडीला घ्यायचा, पण आधी टिश्यू पेपर. विकणारे बादलीला तयार आहेत, म्हणजे त्यांना तरी खात्री दिसते. खणाचे आणि काचेचे फोटो मागवलेत, स्क्रू स्वच्छ आहेत, एका कोपऱ्यावर ओरखडा आहे पण पोचा नाही.

एवढंच राहिलं: टीजीवर सावलीत झूम टाळायचं हे कळलं, पण आयएसओची वरची मर्यादा कितीवर बांधून ठेवावी? ऑटो सोडला की तो बिनधास्त ३२००ला जातो.

प्रतिसाद २ (पुन्हा)

रॉ काढत असाल तर ८०० बांधा, फार झालं तर १६००. स्थिर वस्तूला कॅमेरा दगडावर टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून २००लाच ठेवा. अळंबी कुठे जात नाही.