मदत हवी आहे: आयजीसीएसई इतिहास, सांगलीत कुणी शिकवतं का?

नमस्कार मंडळी. पुतणी विश्रामबागला राहते, केंब्रिजची आयजीसीएसई (दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा) करतेय. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी झालेला व्हर्सायचा तह तोंडपाठ आहे: युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारं कलम 231, सैन्य एक लाखापुरतं, 1921 ला ठरलेली 132 अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई, 1923 ला जर्मनीच्या रूर या औद्योगिक भागात घुसलेल्या फ्रेंच-बेल्जियन फौजा. घोडं अडतंय पेपर दोनला. तिथे व्यंगचित्रं, भाषणांचे उतारे देऊन विचारतात, यावर कितपत विश्वास ठेवायचा? कुणी, कधी, कशासाठी लिहिलं हे सांगायच्या जागी पोरगी पुन्हा कलमंच उतरवते. (गाइडची सवय, दुसरं काय!) सांगली-मिरजेत अशी उत्तरं तपासून देणारं कुणी आहे का? ऑनलाइनही चालेल; समजावणं मराठीतून, लिहून घेणं इंग्रजीत. जुन्या प्रश्नपत्रिका आमच्याकडे आहेत.