मदत हवी आहे: वसुली ९१ टक्के, पण शिल्लक जुळत नाही. परवा ग्रामसभा!

वॉर्ड३ (२९ एप्रिल २०२५, रात्री १०.४०)
परवा १ मेची ग्रामसभा. २०२४-२५ चा अहवाल आज हातात पडला. घरपट्टी वसुली ९१ टक्के लिहिलीय. एवढे पैसे जमले तर नळाला चौथ्या दिवशी पाणी का? दुसरं, शिल्लक जुळत नाही. गेल्या अहवालात अखेरची शिल्लक ५,६१,९०० होती, या अहवालात सुरुवातीची ४,२४,५००. मधले १,३७,४०० गेले कुठे? पैसे ३१ मार्चला झोपले आणि १ एप्रिलला उठलेच नाहीत?
ग्रामसेवकांना विचारलं तर म्हणे, "ते ऑडिटला निघेल." सभेत नेमकं काय विचारायचं ते सांगा. लांबण नको, वेळ नाही.

तिकीट_दहा
भाऊ, सरळ माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, पाच वर्षांचे कॅशबुक, प्रमाणकं, मोजमाप वह्या, सगळ्याच्या साक्षांकित प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. नाही दिलं की पहिलं अपील. मी आमच्या गावात ११ अर्ज टाकलेत.

आबा_सांगोला
सभा परवा आहे आणि तुम्ही तीस दिवसांचं औषध देताय. ११ अर्जांतून निघालं काय ते पण सांगा की.

तिकीट_दहा
दहशत निर्माण झाली. ते महत्त्वाचं.

दप्तरी
मी याच खात्यातला, त्यामुळे आधीच शिव्या मान्य. पहिली दुरुस्ती: आता ग्रामसेवक नाही, ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. पाटी बदलली, दप्तर तेच. लेखासंहितेचे १ ते ३३ नमुने (हिशेबाचे ठरावीक तक्ते), शिवाय सगळं पुन्हा ऑनलाइन भरायचं, आणि माझ्याकडे गावं दोन. शिल्लक जुळली नाही म्हणजे लगेच कुणी खाल्ले असं नसतं. "अहवाल" म्हणताय तो नक्की कुठला कागद? नमुना ३ (वार्षिक जमाखर्च) आहे का?

निवृत्त_विस्तार
एकतीस वर्षं पंचायत समितीत गेली, म्हणून विचारतो. (१) आकडे कोणत्या खात्याचे? ग्रामनिधी, पाणीपुरवठा आणि वित्त आयोग अशी वेगवेगळी खाती असतात. (२) शिल्लक रोकड वहीची (नमुना ५) की बँक पासबुकाची? (३) ९१ टक्के कशाचे? फक्त चालू मागणीचे की थकबाकी धरून? (४) तुम्ही कोण? गावकरी, की सदस्य? उत्तर त्यावर बदलतं.

सागर_न८
एक शंका. वडिलांच्या नावचं घर आहे, ते वारले. नमुना ८ ला (घरांच्या कर आकारणीची नोंदवही) माझं नाव लावायला वारस दाखला लागतो का? ग्रामपंचायत म्हणते तहसीलला जा.

गावविकास_ध्यास
सगळ्यांनी एकदा पाटोद्याला जाऊन या. छत्रपती संभाजीनगरजवळचं गाव. कर भरणाऱ्याला दळण फुकट! लोक रांगेत उभे राहून घरपट्टी भरतात. नाहीतर हिवरे बाजार बघा. इच्छाशक्ती हवी, नमुने नकोत.

आबा_सांगोला
जाऊन आलोय, एसटीनं दोनदा. आमच्या सरपंचानं पण दळणाची चक्की आणली. तिचं वीजबिल थकलं, ती बंद. पाटोद्याचं तुम्ही निम्मंच सांगता. तिथं आधी वर्षानुवर्षं माणसं पटवली, मग चक्की आली.

वॉर्ड३ (३० एप्रिल, सकाळी ७.१५)
एकेकाला उत्तर देते. राज्य महाराष्ट्र, जिल्हा सातारा, दुष्काळी पट्टा. ग्रामपंचायत आहे, नगरपंचायत नाही. कागद टाइप केलेला चार पानी आहे, वर "वार्षिक प्रशासन अहवाल" आणि खाली सरपंचांची सही. नमुना नंबर कुठंच नाही. मी भाऊ नाही, आणि मी निवडून आलेली सदस्य आहे, वॉर्ड तीनची. पहिलीच टर्म. अहवालाच्या शेवटच्या पानावर "२९ एप्रिल रोजी महिलांची सभा संपन्न" असं लिहिलंय. त्या सभेला मला कुणी बोलावलंच नाही.

निवृत्त_विस्तार
ताई, हे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं. सदस्याला माहिती अधिकाराची गरजच नाही. आजच कार्यालयात जाऊन दप्तर बघा. साधा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नमुना ९ (कर मागणी), नमुना ५ (रोकड वही), नमुना २८ (राखीव निधीचा खर्च) आणि सगळ्या खात्यांची पासबुकं. सभेला गेल्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, नवीन वर्षाची कामं आणि मागच्या लेखापरीक्षणाची टिपणी एवढं ठेवावंच लागतं. "ऑडिटला निघेल" हे उत्तर होत नाही. मागचं ऑडिट कोणत्या वर्षापर्यंत झालं आणि आक्षेपांवर काय पूर्तता केली ते विचारा.
महिलांची सभा खरंच झाली असेल तर हजेरीच्या सह्या असतील. मागा.

तिकीट_दहा
सदस्यांना तोंडी दाखवतात आणि झेरॉक्स देत नाहीत. माझा अनुभव आहे. अर्ज टाकाच.

दप्तरी
दाखवतात हो. आम्ही दप्तर लपवून घरी नेत नाही. घरी जायलाच मिळत नाही.

मुंबईकर_लांजा
आमच्याकडे गणेशोत्सवाला गावी गेलो की घरपट्टीची पावती हातात ठेवतात. बंद घराची दिवाबत्ती कशाला भरायची? दिवे तर कधी लागलेले बघितले नाहीत.

गावविकास_ध्यास
या महिन्यात केंद्राचा पंचायत ॲडव्हान्समेंट इंडेक्स (ग्रामपंचायतींच्या प्रगतीचा निर्देशांक) आला, २०२२-२३ सालचा. देशभरातल्या २,१६,२८५ ग्रामपंचायतींत पहिल्या श्रेणीत एकही नाही. दुसऱ्या श्रेणीत ६९९, त्यात गुजरातच्या ३४६ आणि तेलंगणाच्या २७०. उरल्या सगळ्या राज्यांना मिळून ८३. महाराष्ट्रानं विचार करावा.

दप्तरी
ती माहिती भरतं कोण? ग्रामपंचायतच. कुणी सढळ हातानं भरते, कुणी भीत भीत. विचार त्याचाही करा.

वॉर्ड३ (३० एप्रिल, दुपारी ३.२०)
जाऊन आले. बुधवारी ग्रामसेवक दुसऱ्या गावाला असतात. लिपिकानं आधी "साहेब आल्यावर" म्हटलं, अर्जावर पोच मागितल्यावर कपाट उघडलं. नमुना ९ म्हणजे केवढं बाड! दोन टेबलं लागली, आणि पंखा चालू केला की पानं उडतात म्हणून घामात बसून काढलं.
चालू वर्षाची मागणी ४,८०,०००. मागची थकबाकी ६,२०,०००. एकूण वसूल ४,३६,८००. म्हणजे ९१ बरोबरच आहे ना? मग माझंच चुकलं का?

निवृत्त_विस्तार
थांबा. वसूल ४,३६,८०० पैकी थकबाकीपोटी किती आणि चालूपोटी किती? वेगवेगळे रकाने असतात.

वॉर्ड३
थकबाकीचे १,५२,०००.

निवृत्त_विस्तार
झालं मग. वसुली दोन्हींची धरली आणि भागलं फक्त चालू मागणीनं. अंश एका ताटातला, छेद दुसऱ्या. चालू वसुली २,८४,८००, म्हणजे ५९ टक्के. सगळ्या मागणीवर काढा, ११ लाखांवर, तर ३९.७ टक्के. गावात सहा लाख त्रेसष्ट हजार अजून बाहेर आहेत, त्यातले चार लाख अडुसष्ट हजार जुने. हा खेळ मी इतक्या अहवालांत बघितलाय की आता रागही येत नाही. वर कुणी विचारत नाही, कारण वरच्यालाही ९१ हवा असतो.
सभेत आरोप करू नका. एवढंच विचारा: "एकूण मागणीवर वसुली किती टक्के?" आणि गप्प बसा.

आबा_सांगोला
आणि थकबाकीदारांची यादी वाचायला सांगा. पहिली दहा नावं ऐकूनच कळेल ९१ का लिहिलं ते.

दप्तरी
नावं वाचा जरूर, पण मग वसुलीला आमच्याबरोबर दारात पण या. मी एकटा गेलो की कुत्रं सोडतात. खोटं नाही.

निवृत्त_विस्तार
शिलकेचं काय झालं ताई?

वॉर्ड३ (३० एप्रिल, रात्री ९.५०)
सांगते. पाणीपुरवठ्याचं खातं वेगळं निघालं, त्यात १,१८,९००. तरी १८,५०० चा फरक राहत होता. सापडला. विहिरीवरची मोटार रिवाइंड केली त्याचा चेक २८ मार्च २०२४ ला दिला, वटला १२ एप्रिलला. गेल्या अहवालात दोन्ही पासबुकांची बेरीज घेतली होती, यंदा फक्त ग्रामनिधीची रोकड वही. ४,२४,५०० अधिक १,१८,९०० अधिक १८,५००, बरोबर ५,६१,९००. कुणी काही खाल्लं नाही. ग्रामसेवकांवर मनात बरंच बोलून झालं होतं, ते परत घेते.
पण नमुना २८ बघून डोकं फिरलं. स्वउत्पन्न ५,१०,०००. महिला-बालकल्याणचे दहा टक्के म्हणजे ५१,०००, खर्च १२,०००. कशावर? "हळदीकुंकू साहित्य". दिव्यांगांचे पाच टक्के म्हणजे २५,५००. तिथं आडवी रेघ.
आणि अहवालात "पथदिवे चालू ६४". आत्ता मुलीला घेऊन गाव फिरून मोजले. ३७. तीन खांबांवर नुसत्या वायरी लोंबतायत. समाजमंदिरापुढचा दिवा सकाळी पण चालू होता, तो मोजला. महिला सभेच्या सह्या विचारल्या तर "रजिस्टर साहेबांकडे".

दप्तरी
ताई, चेकचं शोधून काढलंत, मानलं. आमच्यातले पण नवीन लोक बँक ताळमेळ करत नाहीत. दिव्यांचं सांगतो: वीजबिलं आता वित्त आयोगाच्या पैशातून भरायला लावतात. त्यातले ६० टक्के बंधित, फक्त पाणी आणि स्वच्छतेला. उरलेल्या ४० टक्क्यांतून बिल भरा, रस्ता करा, शाळेची खिडकी बसवा. बल्ब बदलायला उरत नाही. दिव्यांगांच्या रेघेला मात्र कारण नाही. ते पैसे द्यायलाच हवेत, यादी करून.

तिकीट_दहा
बघा, शेवटी खात्यातल्या माणसानंच कबूल केलं.

दप्तरी
कबूल काय, नियम सांगितला. वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कुणालाही घरबसल्या दिसतो. तुमच्या ११ अर्जांतले निम्मे तिथंच मिटले असते.

सागर_न८
नमुना ८ चं कुणी सांगेल का?

मुंबईकर_लांजा
उद्या सभेला कोरम होईल का पण? १५ टक्के मतदार लागतात. आमच्याकडे सरपंच, शिपाई आणि झेंडावंदनाला आलेली शाळेची पोरं.

आबा_सांगोला
१५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. ताईंच्या गावात मतदार किती?

वॉर्ड३
१,३४० च्या आसपास.

आबा_सांगोला
मग १०० माणसं आणा. आज रात्रीच फोन लावा, विशेषतः बायकांना. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही, मग पाच माणसांत उरकतात. बऱ्याच जणांना तेच हवं असतं.

गावविकास_ध्यास
तहकूब सभेत नवीन विषय घेता येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. जे विचारायचं ते विषयपत्रिकेतल्या "वार्षिक अहवाल" याच विषयाखाली विचारा. (मी नमुन्यांच्या विरोधात नाही, गैरसमज नको.)

वॉर्ड३ (१ मे, दुपारी १२.३०)
६८ सह्या. तहकूब. झेंडावंदनानंतर जिलेबी वाटली आणि निम्मी माणसं तिथनंच घरी गेली. मी उठून टक्क्यांचं विचारलं तर सरपंच म्हणाले, "वहिनी, ते ८ तारखेला बघू." ३२ माणसं कमी पडली. रात्री मी २६ फोन केले होते, १९ बायका आल्या.

निवृत्त_विस्तार
१९ पुष्कळ झाल्या. सगळे प्रश्न लेखी द्या, पोच घ्या, ८ तारखेला इतिवृत्तात घ्यायला लावा. इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या पानावर तर मुळीच नाही.

वॉर्ड३ (८ मे, रात्री ८.०५)
आज २२ जण होते. एकूण मागणीवर किती, एवढंच विचारलं आणि गप्प बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग लिपिकानं अहवालावर ९१ ला रेघ मारून शेजारी पेनानं ३९.७ लिहिलं. सरपंचांनी त्यावर सही केली नाही, "टाइप करून आणा" म्हणाले. दिव्यांगांची यादी महिनाअखेर करू असं इतिवृत्तात आलं, ते मी दोनदा वाचून घेतलं. महिला सभेचं रजिस्टर अजून साहेबांकडेच. थकबाकीदारांची नावं वाचायला कुणी तयार नव्हतं. त्यात आमच्या चुलत दिरांचं नाव तिसरं आहे, हे मला नमुना ९ मध्ये दिसलं होतं, इथं लिहिलं नव्हतं.
पाणी आज पाचव्या दिवशी आलं.

आबा_सांगोला
दिरांना आधी भरायला लावा ताई. मग यादी वाचा, आवाज बसेल एवढ्या मोठ्यानं.

सागर_न८
नमुना ८?

दप्तरी
सागरराव, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकी वारसांची संमती घेऊन आधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नाही म्हणाले तर लेखी नकार मागा. आणि पुढच्या वेळी वेगळा धागा काढा.