ऑस्करला चित्रपट पाठवताना महोत्सवाचा कौल मानायचा की नाही?

निशिगंध

भारताने पाठवलेला 'होमबाऊंड' 2026 च्या ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागात पहिल्या गाळणीनंतरच्या 15 सिनेमांच्या यादीत गेला. शेवटच्या पाचांची नामांकनं जाहीर व्हायच्या आत माझे पाच लिहून ठेवते. जाफर पनाहींचा 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट', नॉर्वेचा 'सेंटिमेंटल व्हॅल्यू', ब्राझीलचा 'द सीक्रेट एजंट', ट्युनिशियाचा 'द व्हॉइस ऑफ हिंद रजब' आणि आपला 'होमबाऊंड'. पाचव्यात जीव अडकलाय. रस्त्याच्या कडेला आजारी मित्राचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला तो पोरगा डोळ्यांपुढून हलत नाही.

आता बघा, पहिले तिघे मे महिन्यात फ्रान्समध्ये भरणाऱ्या कान महोत्सवातून बक्षीस घेऊन आलेत, चौथा व्हेनिसच्या महोत्सवातून. 'होमबाऊंड'ही कानच्या 'अं सर्तें रगार' या मुख्य स्पर्धेबाहेरच्या विभागात होता. मतदारापुढे एवढ्या देशांचे सिनेमे येतात, तो सगळे कुठून बघणार? मे महिन्यापासून ज्याचं नाव कानावर पडतंय तोच आधी लावणार.

आणि आपण काय करतो? 2013 ला 'लंचबॉक्स' जगभर गाजत असताना 'द गुड रोड' पाठवला. 2024 ला पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कानमध्ये ग्रां प्री मिळालं, म्हणजे पाम द'ओर या तिथल्या सर्वोच्च बक्षिसाच्या खालोखालचा मान. तीस वर्षांनी भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत पोचला होता. ऑस्करसाठी सिनेमा निवडणाऱ्या आपल्या समितीने 'लापता लेडीज' पाठवला आणि तो 15 तही आला नाही. माझं सरळ म्हणणं आहे की मोठ्या महोत्सवात मान मिळालेला सिनेमा हाताशी असेल तर तोच पाठवावा.

गिरणगावकर

सहमत नाही. तुमचं गणित खरं असेल तर 'कोर्ट'चं काय झालं? 2014 ला व्हेनिसला ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट ठरला, इथे सुवर्णकमळ मिळालं, 2015 ला भारतातर्फे गेला. मराठी माणूस म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. नामांकन नाही. उलट 'लगान' बघा. पावणेचार तासांचा, गाणी, क्रिकेट, सगळा आपला मसाला. तो शेवटच्या पाचांत गेला.

समितीचं काम सट्टा लावायचं नाही. या वर्षी आपल्याला जगाला काय दाखवायचंय, हे तिने ठरवायचं. 'लापता लेडीज' माझ्या आईने दोनदा बघितला. स्टेशनावर टपरी चालवणारी ती मंजू माई, तिचं बोलणं आई आजही शेजारणींना म्हणून दाखवते. कानमध्ये बसलेल्या नऊ जणांना जे आवडलं ते माझ्या आईच्या आवडीहून मोठं का मानायचं?

निशिगंध

'लगान'चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. 2001 च्या ऑगस्टमध्ये तो स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात प्रेक्षकांचं पारितोषिक जिंकला, मग अमेरिकेत सोनी पिक्चर्स क्लासिक्ससारखा वितरक मिळाला. 'सलाम बॉम्बे'ला 1988 मध्ये कानला कॅमेरा द'ओर, म्हणजे दिग्दर्शकाच्या पहिल्या सिनेमाचं बक्षीस, मिळालं होतं. भारताने पाठवलेल्यांपैकी आजवर तीनच सिनेमे अंतिम पाचांत गेलेत, त्यातले हे दोन. उरला 'मदर इंडिया', तो काळच निराळा.

आणि 'आपलं काय दाखवायचं' म्हणता, तर 2024 ला ही निवड करणाऱ्या फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी निवड समितीचं म्हणणं सांगितलं होतं, की पायलचा सिनेमा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटतो. हे वाचून मला खरंच लागलं. गिरणगावकर, तुम्हीच सांगा. त्यातली पार्वती कोण आहे? गिरणी कामगाराची विधवा. बावीस वर्षं त्या खोलीत राहिली, पण हातात एक कागद नाही, म्हणून बिल्डर घालवतो. रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड भिरकावते आणि सामान बांधून रत्नागिरीला गावी जाते. हे युरोपियन? ती भूमिका छाया कदमांनी केलीय. तुमच्या आईंची लाडकी मंजू माईही त्याच!

गिरणगावकर

ते माहीत आहे. पिक्चर बघितलाय मी, आणि त्या दगडाला माझाही हात शिवशिवला होता. लालबागला आमच्या चाळीतली एक काकू अशीच गेली. पावत्यांची पिशवी घेऊन वर्षभर कुणाकुणाच्या दारात बसली आणि शेवटी एका ट्रंकेसकट गावची एसटी धरली. तिला पोचवायला मी परळ डेपोत गेलो होतो. 'युरोपियन' म्हणणं चुकलंच, त्याची बाजू मी घेणार नाही.

पण निशिगंध, माझा मुद्दा आता जास्तच पक्का झालाय. तो सिनेमा पाठवायला हवा होता, कारण त्यात ती पार्वती आहे. आपल्या समितीला ती दिसली नाही हे दुखणं आहे. कानने शिक्का मारला म्हणून पाठवा म्हणालात, तर ज्या वर्षी कान आपल्याकडे बघणार नाही त्या वर्षी काय करायचं? 'श्वास' 2004 ला कुठल्या युरोपियन शिक्क्याच्या जोरावर गेला? तेव्हा सर्वसामान्य माणसांनी त्याच्या प्रचारासाठी पदरचे पैसे काढून दिले होते.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितोय. नुसता शिक्का पुरत नाही आणि नुसतं प्रेमही नाही. इथे वितरक लागतो, मतदारांसाठी खेळ ठेवावे लागतात, दिग्दर्शकाला महिनोन् महिने मुलाखती देत फिरावं लागतं. 'श्वास'वाल्यांना लोकांकडे हात पसरावे लागले ते यासाठीच. महोत्सवात बक्षीस मिळालं की वितरक आपणहून येतो, इतका त्याचा उपयोग. 'ऑल वी इमॅजिन'ला तो मिळालेला होता, गोल्डन ग्लोबला पायलचं दिग्दर्शनासाठी नामांकनही झालं. म्हणून ती संधी गेल्याची हळहळ मलाही आहे.

अशी चूक फ्रान्सनेही केली. 2023 ला पाम द'ओर मिळालेला 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल' घरी ठेवून दुसराच पाठवला. घरी ठेवलेल्याने इतर विभागांत पाच नामांकनं मिळवली आणि पटकथेचं ऑस्कर नेलं. या वर्षी त्यांनी पनाहींचा फारसी सिनेमा आपला म्हणून पाठवलाय, कारण इराण तो पाठवणं शक्यच नव्हतं.

सांगलीकर

'साबर बोंडं'चं नाव अजून कुणीच का काढलं नाही? रोहन कानवडेंचा सिनेमा, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला गेलेला पहिला मराठी सिनेमा, आणि तिथे जागतिक विभागात ज्युरीचा सर्वोच्च मान घेऊन आला. बापाच्या दहाव्यापर्यंत गावी अडकलेला आनंद, लग्न कधी म्हणून विचारणारे नातेवाईक आणि रानात भेटणारा बाल्या. मी बघितला तो दुपारच्या एकुलत्या एक खेळाला. थिएटरात आम्ही अकरा जण. सुटल्यावर एक आजोबा बाहेर पायरीवर बसून राहिले होते. मला म्हणाले, "आमच्या गावचं सुतक अगदी असंच असतं बघ." निशिगंध, सनडान्सचा शिक्का होता ना? तरी माझ्या गावात दुसरा खेळ लागला नाही. मला ऑस्करआधी ते दुखतं.

निशिगंध

सांगलीकर, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः तो तिसऱ्या दिवशी बघायला गेले तेव्हा उतरलेला होता. पण निवडीपुरतं माझं मत तेच आहे. देशाला एकच सिनेमा पाठवता येतो, मग ज्याच्यासाठी दार अर्धं उघडलंय तोच पाठवा.

गिरणगावकर

आणि माझं माझ्यापाशी. तुमच्या पाचांतला एक बदलतो, सीक्रेट एजंट काढून कोरियाचा 'नो अदर चॉइस'. व्हेनिसहून तो रिकाम्या हाताने परतला, कॅनडातल्या टोरांटो महोत्सवात मात्र लोकांनी मत देऊन निवडला. 'होमबाऊंड' माझ्याही यादीत आहे. जिंकणार मात्र पनाही. बंदी असताना चोरून सिनेमा काढणाऱ्या माणसाला मत द्यायला कुणाचा हात अडेल असं वाटत नाही. निकालाच्या पहाटे उठणार असाल तर इथेच या, मी साडेपाचला चहा टाकून बसतो.