शब्दचर्चा: ‘पेत’ की ‘फेत’? थाई मेनूतले शब्द देवनागरीत

शब्दवेध
मुंबई-पुण्यातल्या मध्यम दराच्या थाई रेस्टॉरंटांत मेनू बहुधा रोमन लिपीत असतो आणि एकाच शब्दाची दोन-तीन स्पेलिंगं सापडतात. कोंबडीचा शब्द कुठे ‘जी’ने सुरू होतो, कुठे ‘के’ने. मग मराठीत ‘टॉम यम’, ‘पॅड थाई’ असं मनाला येईल तसं लिहिलं जातं. या शब्दांचे मूळ उच्चार काय आहेत, त्यांचे अर्थ काय, आणि ‘करी’, ‘बेसिल’, ‘लेमनग्रास’ यांना मराठीत नेमकं काय म्हणावं?

जायफळ
रोमन लिपी बाजूला ठेवली तर अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. थाई भाषेत आपल्यासारखाच अल्पप्राण-महाप्राण भेद आहे: क-ख, त-थ, प-फ. थाई लिपी ख्मेर लिपीच्या वाटेने भारतीय लिपींपासून आलेली आहे, त्यामुळे वर्णमालाही क, ख अशीच सुरू होते. आपण ‘क कमळाचा’ म्हणतो तसं तिथली मुलं ‘को कै’, ‘खो खै’ म्हणतात. ‘कै’ म्हणजे कोंबडी आणि ‘खै’ म्हणजे अंडं. रोमनमध्ये या दोन शब्दांची सरमिसळ होते, देवनागरीत होत नाही. उच्चार ‘कैरी’तल्या कै सारखा, आखूड.

तीच गोष्ट ‘पेत’ आणि ‘फेत’ची. पेत म्हणजे बदक, फेत म्हणजे तिखट. ‘तिखट नको’ म्हणायचं तर ‘मै फेत’. इथे ‘प’ उच्चारलात तर ‘बदक नाही’ असा अर्थ होतो. हा फ ओठ मिटून उच्चारायचा, जुन्या मराठीत ‘फणस’ म्हणतात तसा. ‘फॅन’मधला दातांवरचा फ वेगळा. कमी तिखटाला ‘फेत नित नॉय’, खूप तिखटाला ‘फेत माक’.

याच हिशेबाने ‘पॅड थाई’ नव्हे, ‘फत थाई’. ‘फत’ म्हणजे मोठ्या आचेवर परतणं. ‘टॉम यम’ नव्हे, ‘तोम यम’: तोम म्हणजे उकळणं, यम म्हणजे आंबट-तिखट कालवलेलं. ‘सोम तम’मध्ये सोम म्हणजे आंबट, तम म्हणजे कुटणं. कच्च्या पपईचा तो पदार्थ खरोखर खलात कुटतात. मिरची-लसूण आधी ठेचायची. पपई नंतर घालून हलक्या हाताने नुसती चेचायची, तिचा लगदा करायचा नाही.

देवनागरीत एक मोठी गोष्ट दाखवता येत नाही, ती म्हणजे स्वरांचे चढउतार. ‘खाव’ हा शब्द उतरत्या स्वरात भात, चढत्या स्वरात पांढरा आणि खालच्या स्वरात बातमी. पण मेनू वाचायला त्यावाचून अडत नाही.

कोळिंजन
‘करी’बद्दल. थाई शब्द ‘कॅङ’. त्याला ‘करी’ म्हणणं अपुरं आहे, कारण ‘कॅङ चुत’ नावाचं नितळ, मसाल्याविना केलेलं सूपही ‘कॅङ’च असतं. चुत म्हणजे आपलं ‘अळणी’. नारळाचं दूध हीसुद्धा ‘कॅङ’ची अट नाही: ‘कॅङ सोम’ आणि ‘कॅङ पा’ यांत ते मुळीच नसतं. एवढी सगळी व्याप्ती सामावणारा मराठी शब्द माझ्या मते ‘कालवण’ हाच. थाई जेवणात भाताबरोबरच्या सगळ्या पदार्थांना मिळून ‘कप खाव’ म्हणतात, शब्दशः ‘भातासोबतचं’. हे तर सरळ तोंडीलावणंच झालं.

ऑर्डर देतानाही या शब्दाचा उपयोग होतो. स्टार्टर, मग मेन कोर्स अशी उतरंड थाई जेवणात नाही. सगळं मध्ये ठेवून वाटून खायचं असतं. चौघांसाठी एक नारळाच्या दुधाचं कालवण, एक तोम, एक यम किंवा तम, एक परतलेली भाजी आणि प्रत्येकी एक वाडगा भात पुरतो. नारळाच्या दुधाची दोन कालवणं मागवली की जेवण जड होतं. चॉपस्टिक फक्त रसातल्या नूडल्सना. बाकी सगळं उजव्या हातातल्या चमच्याने खातात, डावीकडचा काटा चमच्यात घास ढकलायला.

‘कॅङ खियाव वान’ म्हणजे हिरवं कालवण. खियाव म्हणजे हिरवा, वान म्हणजे गोड. इथला ‘वान’ हिरव्या रंगाचं विशेषण आहे: सौम्य, दुधाळ हिरवा. मेनूत ‘गोड हिरवी करी’ असं भाषांतर दिसतं ते यामुळेच, आणि ते चूक आहे. हे कालवण चांगलं झणझणीत असू शकतं.

तेलतवंग
नारळाच्या दुधाचे शब्द आपल्याशी किती जुळतात पाहा. पहिलं घट्ट दूध ‘हुआ कथि’, म्हणजे डोकं. दुसरं पातळ दूध ‘हाङ कथि’, म्हणजे शेपूट. हिरव्या किंवा लाल कालवणाची सुरुवात डोक्याने होते. साधारण 400 मिलि दुधाच्या डब्यातला वरचा घट्ट भाग कढईत मध्यम आचेवर आटवत न्यायचा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग ते लहान होत जातात, आवाज उकळण्याचा न राहता तळण्याचा येतो आणि कडेने स्वच्छ तेल दिसू लागतं. याला थाईत ‘तॅक मन’ म्हणतात: तॅक म्हणजे फुटणं, मन म्हणजे स्निग्धांश. आपल्याकडे ‘तेल सुटेपर्यंत परता’ म्हणतात तीच अवस्था. त्या तेलात 50 ग्रॅमच्या आसपास वाटण परतायचं आणि मग पातळ दूध घालायचं.

हे टाळून सगळं एकदम उकळलं तर वाटण कच्चं राहतं. वर तवंग नाही, रंग फिका आणि लसणीचा उग्र वास, अशी वाटी टेबलावर आली की समजावं. डब्यातल्या काही दुधांत इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, असतो. त्यातून तेल सुटतच नाही, म्हणून त्यात दोन चमचे वरून तेल घालावं लागतं.

‘तोम खा’ या नारळाच्या दुधाच्या सूपमध्ये मात्र उलटं. तिथे दूध फुटलं तर चुकलं. म्हणून ते खळखळा उकळायचं नाही आणि लिंबू आच बंद केल्यावर पिळायचं.

गवतीचहा
‘तोम खा’मधला ‘खा’ म्हणजे मराठीत कोळिंजन किंवा कुळिंजन. हे आलं नव्हे. आल्याला थाईत ‘खिङ’ म्हणतात. आलं घातलेला तोम खा चवीला तिखटसर आणि गोडूस लागतो, कोळिंजनाचा पाइनच्या जवळ जाणारा गंध त्यात नसतो.

लेमनग्रास, थाईत ‘तखराय’, म्हणजे आपला गवती चहाच. फरक वापरायच्या भागाचा: आपण चहात हिरवी पात टाकतो, थाई स्वयंपाकात खालचा पांढरा, जाड दांडा लागतो. पात वाटणात घातली तर तिचे धागे तोंडात येतात. कोळिंजनाच्या चकत्या, गवती चहाचे तुकडे आणि ‘मक्रूत’ लिंबाची जोडपानं हे तिन्ही खायचं नसतं. कढीपत्त्यासारखं बाजूला काढायचं.

मंजिरी
‘बेसिल’ या एका शब्दाने सगळ्यात मोठा घोळ केलेला आहे. थाईत ‘कफ्राव’ आणि ‘होरफा’ या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. कफ्राव ही आपल्या वृंदावनातल्या तुळशीचीच प्रजाती. पान लवदार, कडा दातेरी, चावल्यावर लवंग-मिरीची आठवण. होरफा सब्ज्याच्या प्रजातीतली: पान गुळगुळीत चकचकीत, देठ जांभळट, वास बडीशेपेचा. हिरव्या कालवणात होरफा जाते. मिरची-लसणीवर परतलेल्या ‘फत कफ्राव’मध्ये कफ्राव. दोन्ही पानं अगदी शेवटी, आच बंद करायच्या 15-20 सेकंद आधी घालायची. नाहीतर काळी पडतात आणि वास उडतो. थायलंडबाहेर बऱ्याच ठिकाणी कफ्रावच्या जागी होरफाच मिळते, तेव्हा ‘कोणतं पान वापरता’ हे विचारणं रास्त आहे. मराठीत मी ‘कफ्राव तुळस’ आणि ‘थाई सब्जा’ लिहीन. मांसाच्या पदार्थात तुळस अनेकांना चालणार नाही, म्हणून तर ते नावातच स्पष्ट हवं.

शब्दवेध
शाकाहारी काय विचारतील? ‘व्हेज’ म्हटलं की पुरतं का?

जायफळ
पुरत नाही. ‘व्हेज ग्रीन करी’त भाज्या असतील, पण तयार वाटणात बहुधा ‘कपि’ असते, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचं घट्ट वाटण. तोम यमच्या ‘नाम फ्रिक फाव’ या भाजक्या मिरचीच्या वाटणात सहसा सुकी कोळंबी असते. सोम तम आणि फत थाईत ‘कुङ हॅङ’ म्हणजे आपले सोडे. ‘नाम प्ला’ म्हणजे शब्दशः माशाचं पाणी, ते तर मिठाच्या जागी सगळीकडे. परतलेल्या हिरव्या भाजीतही ऑयस्टर सॉस, म्हणजे शिंपल्यातल्या कालवांचा सॉस, असतो. म्हणून पदार्थाचं नाव न घेता या वस्तूंची नावं घेऊन विचारावं. ‘मै सै’ म्हणजे ‘घालू नका’: मै सै नाम प्ला, मै सै कपि, मै सै कुङ हॅङ.

थाईत शाकाहाराला दोन शब्द आहेत. ‘मङ्सविरत’ म्हणजे आपलं मांस-विरति, जसंच्या तसं. यात अंडं-दूध चालू शकतं. दुसरा ‘चे’, चिनी बौद्ध परंपरेतला: अंडं, दूध, मासळी काही नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत हा शब्द दिसतो. जैन मंडळींनी लक्षात घ्यावं, ‘चे’मध्ये बटाटा आणि आलं चालतं.

संस्कृत-पालीतले आणखी शब्द मेनूच्या आसपास आहेत. रेस्टॉरंटला ‘रान आहान’ म्हणतात. यातला आहान म्हणजे आहार, शेवटच्या र चा उच्चार न होतो. चव म्हणजे ‘रोत’, लिहिताना तो ‘रस’च. ‘फोनलमाय’ म्हणजे फळं, त्यातला फोन म्हणजे फल. ‘मस्समन’ कालवण मात्र ‘मुसलमान’ या शब्दावरून आलेलं. दालचिनी आणि वेलची त्यात असतात ते उगाच नाही.

तेलतवंग
मिरचीचा एक शब्द राहिला. ‘फ्रिक खी नू’, शब्दशः ‘उंदराच्या लेंडीची मिरची’. आकारावरून नाव. आपल्या लवंगी मिरचीचंही तसंच.

आणि बँकॉकमध्ये जेवणार असाल तर मेनूतलं ‘++’ वाचायला शिका: 10% सेवा शुल्क आणि त्यावर 7% कर. 300++ बाहतचा पदार्थ आधी 330 होतो, मग 353.10.